शाखा बदलून मिळणेबाबत

जूनमध्ये सगळे खुशीत असतात. माझ्याकडे अर्ज यायला लागतात ते ऑगस्टमध्ये. तोवर प्रॅक्टिकल्स सुरू झालेली असतात, पावसानं लोकलचे हाल केलेले असतात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक लागलेलं असतं आणि कमी हजेरीवाल्यांची पहिली डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर झळकलेली असते. अर्जाचा मजकूर वर्षानुवर्षं तोच. 'विषय : शाखा बदलून मिळणेबाबत. महोदय, खेळाच्या सरावामुळे प्रॅक्टिकल्सना उपस्थित राहणे शक्य होत नसल्याने...' कारणात खेळ आला की ऑफिसातून तो कागद जिमखान्यात येतो, माझ्या शेऱ्यासाठी. घाटकोपर परिसरातल्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षण विभाग सांभाळते. शिट्टी, स्टॉपवॉच आणि टीएची बिलं यांच्याइतकंच असे शेरे लिहिणं हेही माझं काम, आणि ते बीपीएडला कुणी शिकवलेलं नव्हतं.

अर्ज हातात आला की मी तो उलटा करते आणि समोरच्या मुलाला पेन देते. मागच्या कोऱ्या बाजूवर कालचा दिवस लिहायला सांगते, उठल्यापासून झोपेपर्यंत, मिनिटांसकट. मुलं आधी हसतात. मग लिहायला लागतात आणि निम्म्या पानावर थांबतात, कारण दुपारी दीड ते सव्वातीन आपण कुठं होतो हे त्यांनाच आठवत नसतं. बहुतेकदा कँटीनमध्ये असतात. घरी जाऊन परत मैदानावर यायला वेळ पुरत नाही आणि कॉलेजात थांबायला जागा नसते, म्हणून.

मुलुंडच्या एका पोहणाऱ्या मुलीनं मात्र पूर्ण पान भरून दिलं. एफवाय बीएस्सी, मेजर केमिस्ट्री. पोहायची चारशे मीटर वैयक्तिक मेडले, म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल, प्रत्येकी शंभर मीटर. ज्यांनी ही शर्यत कधी काठावरून पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की शेवटच्या शंभराला हात पाण्याबाहेर काढणं हीच एक वेगळी परीक्षा असते. तिचं पान असं होतं : चार दहाला उठणं, पावणेपाच ते पावणेसात मुलुंडला पाण्यात, सातची लोकल, साडेसात ते एक लेक्चर्स, मंगळवार-गुरुवारी चारपर्यंत प्रॅक्टिकल, मग घाटकोपरहून मेट्रोनं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशन, तिथून रिक्षानं पार्ल्याचं प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल, कारण पन्नास मीटरच्या तलावातला सराव तिथं. आठपर्यंत पाणी. तेवढाच प्रवास उलटा. घरी पावणेदहा. खाली कंसात लिहिलं होतं, 'जर्नल'. पुढं वेळ नव्हती.

तिची केमिस्ट्रीच्या लॅबमधली एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. लॅबवाल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. टायट्रेशन चालू होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा, खालचा फ्लास्क हलवत राहायचा आणि फिकट गुलाबी छटा टिकली की तिथं हात थांबवायचा. ही उभ्या उभ्या पेंगली. ब्युरेटची चावी उघडीच. डोळे उघडले तेव्हा फ्लास्कमध्ये रासबेरी सरबत झालेलं. शेजारची मुलं हसली, तीही हसली, आणि निमूटपणे फ्लास्क धुवून पुन्हा दहा मिलिलिटर मोजून घेऊन सुरुवात केली. लॅबवाल्या मॅडम मला म्हणाल्या, "हिला कॉमर्सला पाठवा हो, झोप तरी होईल." त्यांचा हेतू चांगला होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ती दुसऱ्यांदा मोजलेली दहा मिलिलिटर होती. ज्याला विषय नकोसा झालेला असतो तो अशा वेळी शेजाऱ्याचं रीडिंग उतरवून घेतो. मी पुष्कळ पाहिलेत.

पानावरचे तास आम्ही दोघींनी बेरजेला लावले. पाण्यात पाच, कॉलेजात साडेपाच, प्रवासात साडेतीनच्या आसपास. केमिस्ट्रीचे म्हणून जे वेगळे काढता येतील असे तास आठवड्याला सहा, दोन दुपारी मिळून. कॉमर्सला गेली असती तर हे सहा वाचले असते. रोजचे साडेतीन जसेच्या तसे राहिले असते. उपनगरांत अर्जावर लिहिलेलं कारण 'प्रॅक्टिकल' असतं आणि खरं कारण पुष्कळदा रेल्वेच्या नकाशात असतं.

हे मी उगाच म्हणत नाही. २०१४ च्या ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. त्याआधी अंधेरीकडून आमच्याकडे येणारी मुलं तीनशे चाळीस नंबरच्या बसनं यायची, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलायची. साकीनाक्याला बस अडकली की अडकली. पावसाळ्यात तर मुलं तिथं उतरून चालायला लागायची. मेट्रो आली आणि ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं असलेलं ते अंतर वीस-बावीस मिनिटांत संपायला लागलं. त्या वर्षी अंधेरी-जोगेश्वरीकडच्या खेळाडूंचे शाखाबदलाचे अर्ज माझ्या टेबलावर जवळपास आलेच नाहीत. विषय तेच, सर तेच, जर्नलं तीच. बोरिवली-दहिसरकडचे अर्ज मात्र पूर्वीसारखेच येत राहिले. यावर कुणी पीएचडी करणार असेल तर मी कागद पुरवते.

तर त्या मुलीचं काय करायचं? पहिला उपाय अगदीच कारकुनी होता : प्रॅक्टिकलची बॅच बदलणं. एका बॅचला शनिवारी सकाळी लॅब होती. पण बॅच बदलणं म्हणजे आमच्याकडे मोठं प्रकरण. एकीची बदलली की बाकीच्यांना क्लास आठवतात, आजी आजारी पडते, कुणाचं डान्सचं अरंगेत्रम निघतं. लॅबच्या मॅडमशी मला तीन वेळा चहा प्यावा लागला. शेवटी मंगळवारची दुपार शनिवारी गेली. गुरुवार काही हलला नाही.

दुसरा उपाय तिच्या प्रशिक्षकांकडून आला आणि तो मला सुचलाही नसता. ते म्हणाले, मेजर कशाला बदलता, इव्हेंट बदलू. मेडले सोडून पन्नास आणि शंभर मीटर फ्रीस्टाइल. लांब पल्ल्याच्या आणि मेडलेच्या मुलांना जेवढं अंतर रोज कापावं लागतं तेवढं स्प्रिंटरला लागत नाही. सराव तीव्र, पण आटोपशीर. पहाटेचं सत्र आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. तिची उंचीही स्प्रिंटला साजेशी होती, त्यामुळे हा निव्वळ सोयीचा सौदा नव्हता. तरीही ती रडली. चारशे मेडले पोहणाऱ्या मुली आधीच कमी, आणि ज्या असतात त्यांना त्याचा एक ताठा असतो. 'मी मेडले पोहते' हे वाक्य तिला फार प्रिय होतं. केमिस्ट्री राहिली, पोहणं राहिलं, हे वाक्य गेलं. मला अजूनही वाटतं की त्यात खेळाचं थोडं नुकसान झालं. तिचं झालं की नाही, ते तिनं ठरवायचं.

पालक आले की गाडी वेगळ्याच रुळावर जाते. बोरिवलीचे पालक रोहित शर्माचं नाव घेतात आणि मालाड-गोरेगावचे सौरभ नेत्रावळकरचं. ज्याची त्याची ग्रामदेवता. रोहितचं उदाहरण मी तिथल्या तिथं बाजूला ठेवते. आजी-आजोबांकडे बोरिवलीत राहणाऱ्या त्या मुलाला दिनेश लाड सरांनी हेरलं, स्वामी विवेकानंद शाळेत आणलं, फीची व्यवस्था केली, आणि २००७ मध्ये, विशीत, तो भारताकडून वनडे खेळत होता. अशा मुलाला शाखा कुठली हे कोण विचारणार? बाकीच्यांना विचारावं लागतं.

नेत्रावळकरचं उदाहरण मात्र मला बसून समजावून सांगावं लागतं, कारण ते सगळ्यांना पाठ असतं आणि बहुतेकांना अर्धंच. ६ जून २०२४ ला डलासमध्ये अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकणारा, सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहितला बाद करणारा, आणि सामना संपल्यावर हॉटेलात लॅपटॉप उघडून ओरॅकलचं काम करणारा मालाडचा मुलगा. "बघा मॅडम, दोन्ही एकदम जमतं," असं पालक म्हणतात. मी त्यांना वर्षं मोजायला लावते.

२०१० च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालचा वर्ल्ड कप. लोकेश राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट त्याच संघात. कॉलेज म्हणजे अंधेरीच्या भवन्सच्या आवारातलं सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, विषय कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. मालाडहून अंधेरीला तेव्हा मध्ये गोरेगाव आणि जोगेश्वरी, दोनच स्टेशनं. राममंदिर स्टेशन तर झालंही नव्हतं. हे अंतर मी मुद्दाम सांगते. डोंबिवली किंवा विरारच्या मुलानं ही तुलना करण्याआधी तेवढं लक्षात घ्यावं. २०१३ मध्ये पदवी. पदवी हातात पडल्यावर त्यानं क्रिकेटला पूर्ण वेळ दिला, आणि त्याच डिसेंबरमध्ये मुंबईकडून कर्नाटकविरुद्ध रणजी पदार्पण झालं. मुंबईच्या संघात जागा पक्की करणं ही काय चीज आहे हे मुंबईकरांना सांगायला नको. ती पक्की झाली नाही, आणि २०१५ मध्ये तो एमएस करायला कॉर्नेलला गेला. जाताना क्रिकेटचे बूटही बरोबर नेले नव्हते, असं त्यानं मुलाखतीत सांगितलं आहे. म्हणजे खेळ त्यानं त्या दिवशी मिटवून ठेवला होता. तिकडं तो पुन्हा उघडला, ती पुढची गोष्ट.

एवढं सांगितल्यावर वडील गप्प होतात आणि आई विचारते, "म्हणजे आधी शिक्षण असंच ना?" तसंही नाही. त्यानं आळीपाळीनं केलं. एकाची पाळी असताना दुसरं अगदी टाकून दिलं नाही, पण पाळी कुणाची आहे याबद्दल घोळ घातला नाही. आमच्या मुलांचा घोळ तिथंच असतो. सकाळी लेक्चरला बसून सरावाचं मनात, सरावाला गेल्यावर जर्नलचं मनात, आणि रात्री दोन्हीचं अपुरं राहिलं म्हणून मोबाइल.

दुसऱ्या बाजूचंही उदाहरण मी सांगते, नाहीतर मी सायन्सची वकिली करते असं वाटेल. सांगलीच्या स्मृती मानधनाला दहावीनंतर सायन्सला जायचं होतं. आईनं नको म्हटलं. क्रिकेटला वेळ राहणार नाही हे त्या माउलीला स्वच्छ दिसत होतं. स्मृती कॉमर्सला गेली. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. पण तेव्हा ती महाराष्ट्राच्या संघातून खेळत होती. 'आमचीही जिल्ह्यात खेळते' म्हणणाऱ्या पालकांना मी हळूच विचारते, जिल्ह्यात कितवी? प्रश्न क्रूर आहे. पण शाखा बदलण्याचा निर्णय क्रमांक न विचारता घेता येत नाही, आणि मुलाला तो विचारण्याची लाज वाटत असेल तर कुणीतरी विचारायला हवा.

खेळाप्रमाणे हा प्रश्न पडण्याचं वयही बदलतं. पोहणाऱ्यांना आणि जिम्नॅस्टिक्सवाल्यांना तो अकरावीतच गाठतो, कारण त्यांची वाढीची वर्षं आणि बारावी-सीईटीची वर्षं एकमेकांच्या डोक्यावर बसतात. कबड्डीवाली मुलं माझ्याकडे या कारणानं जवळजवळ येतच नाहीत. सराव संध्याकाळी दिव्याखाली, कॉलेज सकाळी, आणि डोळे कंपन्यांच्या, बँकांच्या, रेल्वेच्या, पोलिसांच्या भरतीवर. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तिथं पदवी लागली तरी शाखा कुठली हे क्वचितच कुणी विचारतं. कबड्डीवाल्यांना हे बरोबर ठाऊक असतं. त्यांची अडचण केटीची, म्हणजे मागं राहिलेल्या विषयांची.

आता एक असा अर्ज सांगते ज्यात खेळ नुसता नावाला होता. बॅडमिंटन खेळणारा मुलगा, बारावी सायन्स करून आलेला, मेजर फिजिक्स, कारण तेच. मागच्या बाजूवर त्यानं संध्याकाळी सहा ते आठ 'सराव' लिहिलं. मी त्याच्या कोर्टवर फोन केला तर महिनाभर हा फिरकलाच नव्हता. मी काही न बोलता पान पुढं सरकवलं. बराच वेळ रॅकेटची ग्रिप उलगडत-गुंडाळत बसला आणि मग म्हणाला, "मॅम, मला फिजिक्स कळतच नाही. अकरावीपासून." घरी हे सांगता येत नव्हतं. 'कळत नाही' म्हटलं की क्लास लावतात, क्लास लावूनही कळलं नाही तर आणखी महागडा क्लास लावतात. 'सराव होत नाही' म्हटलं की निदान ऐकून घेतात. वडील त्याच्या सामन्यांना सुट्टी टाकून येणारे. खेळ हे त्या घरात चालणारं नाणं होतं, म्हणून त्यानं ते वापरलं. अशी मुलं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही. मी शेऱ्यात लिहिलं : 'खेळाशी संबंध नाही. विद्यार्थ्याचा कल पाहता बदल मंजूर व्हावा.' वडील जिमखान्यात येऊन चांगलेच तडकले. मुलगा आता बीएला मानसशास्त्र करतो. बॅडमिंटन रविवारी खेळतो, मजेसाठी, आणि माझ्या मते पूर्वीपेक्षा बरं खेळतो.

म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते : उद्या डॉक्टरांनी तुला खेळ बंद करायला सांगितला, तर या विषयात राहशील का? 'हो' म्हणणाऱ्याचे तास हलवायचे, बॅच हलवायची, स्पर्धेमुळं हुकलेल्या परीक्षेसाठी पत्रं लिहायची, लागलं तर इव्हेंटही हलवायची. 'नाही' म्हणणाऱ्याला लवकर सोडवायचं. जे गोंधळतात त्यांना मी दिवाळीनंतर या म्हणते. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांची निवड तोवर झालेली असते, सेमिस्टरचा निकाल दिसायला लागतो, आणि निम्म्यांचा अर्ज परत येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं यातलं काही सोपं केलंय. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. पहिल्या वर्षाअखेरीस, त्याच व्यापक शाखेत, मेजर बदलता येतं. खेळालाही सहअभ्यासक्रम म्हणून क्रेडिट मिळतात. मिळवलेले क्रेडिट बँकेत साठवून ठेवता येतात. नेत्रावळकरनं जी आळीपाळी स्वतःच्या हिमतीवर केली तिला आता कागदोपत्री जागा आहे, निदान थोडीफार. पण केमिस्ट्रीतून स्टॅटिस्टिक्सला जाणं वेगळं आणि कॉमर्समधून सायन्सला येणं वेगळं. तो दरवाजा पूर्वीही एकाच बाजूनं उघडायचा, आजही तसाच आहे. अकरावीला 'वेळ मिळेल' म्हणून कॉमर्सला घातलेल्या मुलांना हे विशीत कळतं.

बोरिवलीचा एक वेगवान गोलंदाज असाच आमच्याकडे आला. दहावीला गणितात पंच्याण्णवच्या पुढं. प्रशिक्षकांनी सांगितलं, कॉमर्स घे, अकरा वाजता मोकळा होशील. मोकळा झाला खरा. पण बोरिवली ते घाटकोपर आणि तिथून आझाद मैदान, क्रॉस मैदान असं फिरताना तो मोकळा वेळ लोकलमध्ये उभ्यानं गेला. बारावीला गणित घेतलं नाही, कारण कॉमर्सला ते नसलं तरी चालतं. आता टीवायला आहे. पावसातली कांगा लीग खेळतो, कॉलेज संघात पक्का आहे, विद्यापीठाच्या निवडीत दरवर्षी शेवटच्या वीसपर्यंत जातो. आणि डबक्यातल्या खेळपट्टीवर चेंडू किती अंशानं वळला याची वही ठेवतो. ती वही मी पाहिली आहे. हातानं काढलेले आलेख आहेत तिच्यात. अकाउंटन्सीत केटी आहे.

परवा तो विचारत आला की बारावीचं गणित आता देता येतं का. एनआयओएसमधून एखाद-दोन विषयांपुरताही प्रवेश मिळतो, हे मला ठाऊक होतं. पुढं डेटा सायन्सच्या एका अभ्यासक्रमाला बारावीचं गणित मागतात, तो त्यानं शोधून ठेवला होता. आम्ही जिमखान्याच्या कॉम्प्युटरवर वेळापत्रक काढलं. एक परीक्षा एप्रिल-मेमध्ये, तेव्हा क्लबचे सामने ऐन भरात. दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा विद्यापीठाची निवड चाचणी. त्यानं वहीच्या मागच्या पानावर दोन्ही महिने लिहिले आणि ऑक्टोबरवर गोल केला.

"निवड झाली तर?" मी विचारलं.

"मग एप्रिलला देईन," तो म्हणाला. "क्लबला सांगतो, तेवढे दोन सामने दुसऱ्याला खेळवा."